गायक गेल्यानंतरची संहिता

१

मराठी संगीत नाटकाचा इतिहास आपण बहुधा गायकांच्या नावांनी मांडतो. भाऊराव कोल्हटकरांचा काळ, बालगंधर्वांचा काळ, मास्टर दीनानाथांचा काळ ही विभागणी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, तिच्यामागे एक वाङ्मयीन गृहीतक आहे याचे भान सहसा राहत नाही. संगीत नाटक ही मूलतः एका आवाजाची निर्मिती आहे. संहिता, इतर नटवर्ग, साथीची वाद्ये आणि नाटक मंडळी नावाची संस्था या साऱ्या गोष्टी त्या आवाजाभोवती उभ्या असतात, असे ते गृहीतक होय. त्याचा एक परिणाम असा होतो की, प्रमुख गायक मंडळी सोडून गेला अथवा निवर्तला, म्हणजे त्या मंडळीचे पुढचे नाटक आपोआप ‘उतरत्या काळा’च्या सदरात जमा होते. ते नाटक वाचले जाते, पण एका उणिवेचा पुरावा म्हणून.

प्रस्तुत लेखात अशाच एका नाटकाचा विचार करावयाचा आहे. १९१३ साली बालगंधर्व किर्लोस्कर नाटक मंडळीतून बाहेर पडले. त्यानंतर त्या मंडळीने १९१६ मध्ये राम गणेश गडकरी यांचे ‘पुण्यप्रभाव’ रंगभूमीवर आणले. गडकऱ्यांच्या नाटकांची चर्चा करताना ‘पुण्यप्रभाव’ची भाषा, त्यातील हृदयपरिवर्तनाची शक्याशक्यता, त्यातील विनोद यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु प्रमुख गायक गमावलेल्या एका मंडळीने केलेले हे नाटक आहे, ही वस्तुस्थिती त्याच्या रूपबंधाशी कशी निगडित आहे, हा प्रश्न फारसा विचारला गेलेला नाही.

हा प्रश्न मला ग्रंथालयात सुचलेला नाही. हिंगोली जिल्ह्यातील महाविद्यालयात पदव्युत्तर वर्गाला संगीत नाटक शिकवीत असताना एका विद्यार्थिनीने विचारले, ‘‘सर, यातले गाणे आम्ही ऐकलेले नाही आणि ते गाणारे तर केव्हाच गेले. मग हे नाटक आम्ही वाचायचे कशासाठी?’’ प्रश्नात उद्धटपणा नव्हता. वर्गातील बहुतेकांनी संगीत नाटकाचा एकही प्रयोग पाहिलेला नव्हता. त्यांच्या हातात होती ती केवळ छापील संहिता. आवाज हेच संगीत नाटकाचे सत्त्व असेल, तर त्या वर्गाला द्यावयाचे उत्तर एकच उरते : तुम्ही उशिरा आलात. हे उत्तर मला देववले नाही. ते का देववले नाही, याचा शोध म्हणजे हा लेख आहे.

२

किर्लोस्कर मंडळीने आपला प्रमुख आवाज एकदा नव्हे, दोनदा गमावला, हे प्रथम लक्षात घ्यावयास हवे. एकाच संस्थेवर एकच आपत्ती दोनदा आल्यामुळे येथे तुलनेची चांगली सोय आहे.

अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० मध्ये आणि ‘सौभद्र’ १८८२ मध्ये रंगभूमीवर आले. बडोद्याचे भाऊराव कोल्हटकर मंडळीत आले आणि शकुंतला, सुभद्रा या भूमिकांनी त्यांच्या उंच, तेजस्वी आवाजाचा बोलबाला झाला. १८८५ मध्ये अण्णासाहेब वारले. म्हणजे मंडळीने आपला नाटककार व संस्थापक आधीच गमावला होता; पण आवाज होता, म्हणून मंडळी चालली. पुढे भाऊराव पुरुषभूमिकांकडे वळले. गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘शारदा’ (१८९९) या नाटकात ते कोदंड झाले. ही गोष्ट वरवर नटाच्या वयाची वाटते, पण रूपबंधाच्या दृष्टीने ती बोलकी आहे. गाण्याचे केंद्र नायिकेकडे असेल की नायकाकडे, हे तो आवाज कोणाच्या देहात उभा आहे यावर ठरत होते. नाटकाचा तोल आवाजाच्या मागोमाग चालत होता.

१९०१ मध्ये भाऊराव गेले. हा पहिला आघात. मंडळीने त्याला दिलेले उत्तर सरळ होते : तशाच तोलामोलाच्या आवाजाचा शोध. हा शोध १९०५ मध्ये संपला. नारायणराव राजहंस ऊर्फ बालगंधर्व मंडळीत आले व शकुंतलेच्याच भूमिकेने रंगभूमीवर उभे राहिले. गाण्याचे केंद्र पुन्हा नायिकेकडे गेले. १९११ मध्ये कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘मानापमान’ आले, गोविंदराव टेंब्यांच्या चालींनी ते गाजले आणि बालगंधर्वांची भामिनी घराघरात पोचली. त्याच वर्षी धैर्यधराची भूमिका करणारे नानासाहेब जोगळेकर वारले. तरीही मंडळीचा डोलारा उभा राहिला, कारण मुख्य आवाज शाबूत होता. रिकामी झालेली जागा तशाच ऐवजाने भरून काढणे, हा या पहिल्या उत्तराचा गाभा होय.

दुसरा आघात अधिक कठोर होता. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. येथे मृत्यू नव्हता, वियोग होता. आणि गेलेला आवाज मुका झालेला नव्हता, तर समोरच्या नाटकगृहात गात होता. खाडिलकरांसारखा नाटककारही पुढे त्या आवाजासाठीच लिहू लागला. शंकरराव मुजुमदारांकडे उरली ती जुनी पाटी, जुनी नाटके आणि कर्ज काढूनही भरून न येणारी एक पोकळी. १९१४ मध्ये दीनानाथ मंगेशकर मंडळीत दाखल झाले, तेव्हा त्यांचे वय चौदाच्या आत होते. त्यांचा आवाज विलक्षण होता. परंतु तो बालगंधर्वांच्या आवाजाचा प्रतिध्वनी नव्हता. बालगंधर्वांच्या गाण्यातील मार्दव, लाडिक ठहराव, शब्द कुरवाळण्याची रीत त्यात नव्हती. त्यात आवेश होता, चपळ आणि अनपेक्षित तान होती. जुन्या जागी तो बसवावा, तर जागेचा आकारच बदलावा लागणार होता.

३

‘जागा’ हा शब्द मी येथे जाणीवपूर्वक वापरीत आहे. आपल्या संगीतव्यवहारात त्याला दोन अर्थ आहेत. गवई एखादी ‘जागा घेतो’, तेव्हा ती स्वरांची एक नेमकी, नाजूक रचना असते. आणि साध्या बोलण्यात जागा म्हणजे कोणीतरी व्यापावयाचे स्थान. समूहाने निर्माण केलेल्या कलाकृतीत प्रमुख आवाज ही या दुसऱ्या अर्थाने एक जागा असते. ती व्यक्तीने व्यापलेली असते तोवर व्यक्ती आणि जागा यांतील भेद दिसत नाही. व्यक्ती गेली की जागा उघडी पडते, आणि रचनेचा किती भार तिच्यावर होता, किती भार इतर खांबांवर होता, हे प्रथमच मोजता येते.

यावर एक सैद्धांतिक आक्षेप संभवतो. रोलाँ बार्थ यांनी १९६७ मध्ये लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली. परंतु त्याच बार्थ यांनी १९७२ च्या आपल्या निबंधात गाणाऱ्या आवाजाच्या पोताचा मुद्दा मांडला. गाताना आवाजात जो देह प्रकटतो, जिभेचा, घशाचा, भाषेच्या उच्चाराचा जो खरखरीत स्पर्श ऐकणाऱ्याला होतो, तो अर्थात वा भावाभिव्यक्तीत विरघळत नाही, असे त्यांचे म्हणणे. लेखकाला मारणारा समीक्षक गायकाला मात्र जिवंत ठेवतो, यात विसंगती नाही. लेखकाचा देह कागदावर येत नाही. गायकाचा देह आवाजात येतो. मग गायकाला ‘जागा’ म्हणणे म्हणजे त्याच्या आवाजाचा हा देह नाकारणे नव्हे काय?

तसे मला वाटत नाही. आवाजाचा पोत अनन्य असतो आणि त्याची भरपाई होत नाही, हे मान्यच आहे. म्हणूनच तर जागा भरून काढण्याचा मार्ग नेहमी अपुरा ठरतो. पण पोत हा आस्वादाचा विषय आहे. जागा हा रचनेचा विषय आहे. आपल्या नाट्यसमीक्षेने पहिल्याच्या प्रेमापोटी दुसऱ्याकडे दुर्लक्ष केले. भाऊरावांचा आवाज १९०१ मध्ये गेला आणि हिंदुस्थानातील व्यापारी ध्वनिमुद्रणास १९०२ मध्ये प्रारंभ झाला. तो पोत आज कोणालाच उपलब्ध नाही. तरीही ‘सौभद्र’ वाचले जाते, नव्या गळ्यांतून गायिले जाते. यावरून जागेला स्वतःचे आयुष्य असते, इतके तरी मान्य करावयास हवे.

४

आता १९१६ या वर्षाकडे यावे. या एका वर्षात दोन नाटके रंगभूमीवर आली. गेलेल्या गायकाच्या मंडळीने खाडिलकरांचे ‘स्वयंवर’ केले. त्याच्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या. मागे राहिलेल्या मंडळीने गडकऱ्यांचे ‘पुण्यप्रभाव’ केले. गायक व त्याची जुनी मंडळी वेगळी झाल्यानंतर दोघांनी काय घडविले, हे जणू शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची संधी या वर्षाने दिली आहे.

‘स्वयंवर’मध्ये रुक्मिणीचे मन पदांतून उलगडते. कथानक सर्वांना ठाऊक आहे. त्यात पुढे काय होणार ही उत्सुकता नाही. उत्सुकता आहे ती रुक्मिणी आपल्या ओढीला कोणता स्वर देते याची. गद्य पदापर्यंत वाट काढते आणि पद आले की बाजूला होते. हे नाटक एका आवाजाची जागा मध्यभागी ठेवून आखलेले आहे, आणि तो आवाज हाती असताना असे आखणे हीच योग्य नाट्यदृष्टी होती.

‘पुण्यप्रभाव’ची आखणी निराळी आहे. वसुंधरेने भूपालाला वरले म्हणून सूडाने पेटलेला वृंदावन तिच्या संसारावर घाला घालतो, तिच्या मुलाच्या जिवावर उठतो, आणि अखेर तिच्या पुण्याईच्या सामर्थ्याने, म्हणजे तिच्या बोलण्याच्या सामर्थ्याने, पालटतो. नूपुर, कंकण, सुदाम यांचे विनोदी उपकथानक त्याला जोडलेले आहे. या नाटकात पदे आहेत. दीनानाथांच्या गळ्यातून त्यांतील काही गाजलीही. पण एक साधी कसोटी लावून पाहावी. ‘सौभद्रा’तून पदे काढून टाका, सुभद्रेच्या मनाची तडफड नाहीशी होते आणि उरतो तो एक कौटुंबिक घोटाळा. ‘पुण्यप्रभाव’मधून पदे काढून टाका, नाटकाचा मुख्य प्रसंग, वसुंधरा आणि वृंदावन यांचा सामना, जसाच्या तसा उभा राहतो. नाटकाच्या सर्वोच्च क्षणी गडकऱ्यांनी नायिकेच्या तोंडी गाणे न ठेवता भाषण ठेवले आहे. आणि नाटकाचा विषयही तोच आहे : उच्चारलेल्या शब्दाने माणूस पालटतो काय?

माझे प्रतिपादन असे की, ‘पुण्यप्रभाव’मध्ये प्रमुख आवाजाची जागा पदाकडून गद्याकडे सरकली आहे. ती सरकताना गाण्याचे गुणधर्म घेऊन आली. गडकऱ्यांच्या प्रदीर्घ भाषणांची रचना पाहिली तर हे सहज दिसेल. प्रारंभी एक ठसठशीत विधान येते. मग त्याच विधानाच्या भोवती प्रतिमांची माळ सुरू होते, प्रत्येक प्रतिमा आधीच्या प्रतिमेपेक्षा एक पायरी चढते, अनुप्रास आणि विरोध यांच्या आधाराने वाक्ये लांबत जातात, आणि ऐकणाऱ्याचा श्वास आता सुटेल असे वाटत असतानाच भाषण पुन्हा पहिल्या विधानावर येऊन थांबते. ही स्थायी-अंतऱ्याची आणि समेवर येण्याची रीत आहे. पदाला ‘वन्समोअर’ मिळतो, तशी या वाक्यांना टाळी हवी असते. अतिरेक हा गडकऱ्यांच्या गद्याचा दोष म्हणून अनेकांनी दाखविला आहे. तो दोष आहेच. पण तो गद्याच्या मापाने मोजलेला दोष आहे. जे गद्य पदाचे काम करावयास उभे आहे, त्याचे माप थोडे वेगळे ठेवावे लागते. तानेवर तान घेत सुटलेला गवई ज्या कारणाने आपल्याला एकाच वेळी खिळवितो आणि थकवितो, त्याच कारणाने हे गद्य खिळविते आणि थकविते.

५

या प्रतिपादनाला मोठा अडथळा इतिहासाचाच आहे आणि तो लपवून चालणार नाही. गडकऱ्यांचे पहिले नाटक ‘प्रेमसंन्यास’ महाराष्ट्र नाटक मंडळीने, म्हणजे गद्य नाटके करणाऱ्या मंडळीने, केले होते. त्यातही ही अलंकृत, उसळती भाषा आहे. तेव्हा बालगंधर्व गेले म्हणून गडकरी असे लिहू लागले, हे म्हणणे टिकणार नाही. तसे माझे म्हणणेही नाही. मी कार्यकारणसंबंध सांगत नसून एका गरजेची आणि एका शैलीची गाठ पडली, असे सांगत आहे. मंडळीला आपल्या मध्यभागी पडलेली जागा व्यापील असे काही हवे होते. गडकऱ्यांच्या गद्यात ती व्यापण्याची ताकद आधीपासूनच होती. गद्य मंडळीत ते गद्य म्हणून वावरले. संगीत मंडळीत, जिथे प्रेक्षक गाण्याची अपेक्षा घेऊन बसलेला असतो, तिथे तेच गद्य गाण्याच्या जागी ऐकले गेले. संहितेचा अर्थ ती कोणत्या रंगमंचावर, कोणत्या उणिवेच्या पार्श्वभूमीवर उच्चारली जाते यावरही ठरतो.

शिवाय गडकरी या मंडळीला परके नव्हते. तारुण्यात त्यांनी किर्लोस्कर मंडळीतील मुलांना शिकविण्याचे काम केले होते. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांना त्यांनी गुरू मानले, तेही याच नाट्यपरिसरात. पडद्यामागे बसून, गाणाऱ्यांचे गाणे रोज ऐकत, ज्याला स्वतः गावयाचे नाही असा माणूस पुढे त्या मंडळीसाठी लिहितो, तेव्हा तो गाण्याच्या जागेकडे आतून पाहत असतो.

याचा एक उलट पुरावाही उपलब्ध आहे. २३ जानेवारी १९१९ रोजी गडकरी वारले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व मंडळीने बडोद्यास त्यांचे ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणले. येथे चित्र बरोबर फिरलेले आहे : गायक आहे, नाटककार गेला आहे. या नाटकातील पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांची. म्हणजे ज्या नाटकात बालगंधर्वांची सिंधू अजरामर झाली, त्या नाटकातील सिंधूच्या गाण्याचे शब्द नाटककाराचे नाहीत. असे का होऊ शकले? गडकऱ्यांच्या संहितेत सुधाकर, तळीराम आणि सिंधू यांच्या संवादांनी सारा भार आधीच पेलला होता म्हणून. पदांची जागा त्यांनी मोकळी ठेवली आणि ती दुसऱ्या हाताने भरली तरी नाटक डळमळले नाही. खाडिलकरांच्या ‘स्वयंवरा’ची अशी कल्पनाही करवत नाही. गडकऱ्यांची रचना आवाजाला नाकारीत नाही. ती आवाजावाचून उभी राहण्याची तयारी ठेवते. ‘पुण्यप्रभाव’ने किर्लोस्कर मंडळीला नेमके हेच दिले.

मात्र ही तयारी संस्थेला वाचवू शकली नाही, हेही नोंदवावे लागते. १९१८ मध्ये दीनानाथ, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांनी बाहेर पडून बलवंत संगीत मंडळी काढली आणि गडकऱ्यांचे ‘भावबंधन’ त्या मंडळीकडे गेले. नाटकाच्या रूपबंधाने एक प्रश्न सोडविला होता; व्यवसायाने तो प्रश्न पुन्हा तसाच उभा केला. बोडसांची ‘माझी भूमिका’ आणि चिंतामणरावांची ‘बहुरूपी’ ही दोन आत्मचरित्रे लागोपाठ वाचावीत. मंडळ्या का फुटतात, याची उत्तरे तेथे माणसांच्या स्वभावात आणि हिशेबांच्या वह्यांत सापडतात. संहितेला त्यांची उत्तरे देता येत नाहीत आणि तिच्याकडे ती मागूही नयेत.

६

हा प्रश्न केवळ मराठी रंगभूमीचा नाही, हे दाखविण्यासाठी एक दूरचे उदाहरण घेतो. इंग्लंडमधील ‘जेनेसिस’ हा वाद्यवृंद १९७० नंतरच्या दशकात प्रोग्रेसिव्ह रॉक नावाने ओळखल्या गेलेल्या संगीतप्रकारातील एक प्रमुख वृंद होता. दीर्घ रचना, बदलते ताल, कथनात्मक गीते ही त्या प्रकाराची लक्षणे. त्यांचा गायक पीटर गेब्रिएल मुखवटे आणि निरनिराळे वेष धारण करून रंगमंचावर उभा राहत असे; १९७२ मध्ये तर तो लाल स्त्रीवेष आणि कोल्ह्याचे मुखवट्याचे डोके घालून आला होता. आपल्या संगीत नाटकाशी त्याची तुलना त्यामुळे वाटते तितकी ओढूनताणून केलेली नाही. १९७४ च्या ‘द लँब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे’ या दोन तबकड्यांच्या संग्रहात एकाच नायकाची कथा होती आणि तिची गीते जवळजवळ सर्व गेब्रिएलची होती. १९७५ मध्ये तो बाहेर पडला. अनेक गायकांच्या चाचण्या झाल्या आणि अखेर पाच वर्षे ढोल-ताशांच्या मागे बसलेला, अधूनमधून साथीला गाणारा फिल कॉलिन्स पुढे आला. फेब्रुवारी १९७६ मध्ये ‘अ ट्रिक ऑफ द टेल’ हा आठ रचनांचा संग्रह प्रसिद्ध झाला.

कॉलिन्सचा गळा गेब्रिएलशी काहीसा मिळताजुळता आहे, आणि म्हणून या संग्रहाबद्दल पहिली प्रतिक्रिया ‘अरे, हा तर तोच वाटतो’ अशी होते. आपली समीक्षा येथेच थांबली असती. पण रचनेकडे पाहिले तर बदल स्पष्ट आहे. सारा संग्रह व्यापणारा एक नायक आता नाही. प्रत्येक गीताची कथा वेगळी, तिचे पात्र वेगळे. गाणारा त्या पात्रात शिरून उभा राहण्यापेक्षा ती गोष्ट सांगतो. गायकाच्या व्यक्तिमत्त्वावर असलेला भार कळवाद्य, गिटार आणि तालवाद्ये यांच्यात वाटला गेला आहे. शेवटची रचना जवळजवळ पूर्णतः वाद्यांची आहे. ती याच संग्रहातील आधीच्या सुरावटी पुन्हा जागविते आणि विरत जाताना १९७२ च्या त्यांच्या एका दीर्घ गीतातील ओळीचा अस्फुट उच्चार ऐकू येतो. गेलेल्या गायकाला दिलेला तो निरोप आहे, असे बहुतेक श्रोते मानतात. जागा रिकामी झाली, हे त्या वृंदाने लपविले नाही. रचनेच्या अखेरीस ती रिकामी जागाच ऐकविली.

किर्लोस्कर मंडळी आणि जेनेसिस यांच्यात साम्यापेक्षा भेद अधिक आहेत. एकीकडे मालक, पगारी नट आणि गावोगावचे मुक्काम. दुसरीकडे समवयस्क मित्रांची भागीदारी आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्या कंपन्यांची बाजारपेठ. तरीही गायक गेल्यानंतर समूहापुढे कोणत्या वाटा असतात, हे दोहोंच्या उदाहरणांवरून नीट दिसते. जागा तशाच ऐवजाने भरणे, ही पहिली वाट. ती १९०५ ची. जागा एका माध्यमातून दुसऱ्यात सरकविणे, ही दुसरी. ती १९१६ ची. जागेचा भार सर्वांत वाटणे आणि तिची रिकामीपणासह नोंद करणे, ही तिसरी. ती १९७६ ची. पहिल्या वाटेने गेलेल्या कृतीची मूळ आवाजाशी तुलना करणे न्याय्य आहे, कारण तिने स्वतःच ती तुलना मागितलेली असते. दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेने गेलेल्या कृतीला मात्र ‘मूळच्या तोडीची आहे काय’ हा प्रश्न विचारणे हा समीक्षेचा आळस होय. तिला विचारावयाचे प्रश्न वेगळे : जागा कोठे गेली? तिचा भार आता कोण वाहतो? आणि गेलेल्याची आठवण ही कृती कशी ठेवते?

‘पुण्यप्रभाव’ला हे प्रश्न विचारले तर पहिल्या दोहोंची उत्तरे वर दिली आहेत. तिसऱ्या प्रश्नापाशी ते नाटक कमी पडते, असे मला वाटते. वृंदावनाचे परिवर्तन झाले की सारे हिशेब मिटतात. झालेल्या हानीची, वाया गेलेल्या आयुष्याची खूण नाटक आपल्या अंगावर ठेवीत नाही. ‘एकच प्याला’त गडकऱ्यांना ते साधले. तेथे काहीच भरून येत नाही, आणि म्हणून ते नाटक श्रेष्ठ ठरते.

७

हिंगोलीच्या पश्चिमेस, कयाधू नदीच्या काठी नर्सी हे गाव आहे. नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरा त्याला मानते. या परिसरात गावोगाव हरिनाम सप्ताह होतात. सात दिवस आणि सात रात्री वीणा उभी असते. ती खाली ठेवावयाची नाही. एकाचा पहारा संपला की दुसरा ती गळ्यात घेतो. वीणा घेणाऱ्याचा गळा गोड असावा अशी अट नसते. तेथे जागा आधी आहे आणि माणूस नंतर. हे माझ्या विवेचनाचे सोयीस्कर समर्थन ठरेल. पण त्यालाही मर्यादा आहे. पहारा नामाचे जतन करतो, नवी रचना करीत नाही. नवी रचना करावयाची तर गेलेल्याची उणीव कोणाला तरी स्वतःच्या शब्दांत सोसावी लागते. १२९६ मध्ये ज्ञानदेवांनी समाधी घेतल्यानंतर नामदेवांनी ते सोसले. समाधीच्या प्रसंगाचे जे वर्णन मराठी मनात रुजले आहे, ते प्रामुख्याने नामदेवांच्या नावावर असलेल्या अभंगांतून आलेले आहे. त्यांपैकी कोणते मूळचे आणि कोणते मागाहूनचे, हा पाठचिकित्सेचा प्रश्न अद्याप खुला आहे. पण मागाहून भर घालणाऱ्यांनीही नामदेवांच्याच नावाने भर घातली, यात ती जागा किती जणांनी आळीपाळीने वाहिली याची साक्ष आहे.

त्या विद्यार्थिनीला मी काय उत्तर दिले, ते सांगून थांबतो. मी तिला ‘पुण्यप्रभाव’मधील वसुंधरा-वृंदावनाचा प्रवेश वर्गात मोठ्याने वाचावयास सांगितला. प्रारंभी ती अडखळली. लांब वाक्यांत श्वास कोठे घ्यावा हे तिला उमगेना. दुसऱ्या वाचनात तिने वाक्ये तोडली, तिसऱ्या वाचनात जोडली. वर्ग ऐकत होता. चाल नव्हती, साथ नव्हती, बालगंधर्व किंवा दीनानाथ यांच्याशी तुलना करण्याचा प्रश्नच नव्हता. वाचक नेहमीच गायक गेल्यानंतर येतो. भाऊराव गेल्यानंतर किंवा बालगंधर्व सोडून गेल्यानंतर किर्लोस्कर मंडळी जेथे उभी होती, तेथेच संगीत नाटकाचा प्रत्येक वाचक उभा असतो. आणि त्याला आपण उशिरा आलो असे मानण्याचे कारण नाही. संहितेत त्याच्यासाठी जागा आहे काय, एवढे पाहणे हे समीक्षेचे काम आहे. ‘पुण्यप्रभाव’मध्ये ती आहे.